स्कूबाच्या टाकीत ऑक्सिजन नसतो, साधी हवा असते

अंदमानचं स्वस्तात प्लॅनिंग चाललंय, तर आमच्या दादरच्या ग्रुपवर तो जुना फॉरवर्ड परत आलाच, की स्कूबाच्या, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायला पाठीवर लावतात त्या टाकीत शुद्ध ऑक्सिजन असतो. वाटणं साहजिक आहे, हॉस्पिटलमधला सिलेंडर आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. पण डायव्हिंगच्या टाकीत आपण घेतो तीच हवा दाबून भरतात, साधारण 200 बारपर्यंत (बाहेरच्या हवेच्या दाबाच्या जवळपास 200 पट), आणि तिच्यात 21 टक्के ऑक्सिजन आणि 78 टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध ऑक्सिजन का नाही, तर दर 10 मीटरला दाब 1 बारने वाढतो आणि 6 मीटरच्या खाली तोच ऑक्सिजन विषारी ठरून झटके येऊ शकतात, आणि हौशी डायव्ह तर 12-18 मीटरपर्यंत जातात. खात्री करायची तर डायव्ह सेंटरवर टाक्या भरायचा कॉम्प्रेसर बघा, बाहेरची हवाच खेचत असतो, नायट्रॉक्सवाल्या, म्हणजे ऑक्सिजन थोडा वाढवलेल्या हवेच्या टाकीलाही ऑक्सिजन मीटर लावला की बहुतेक 32 किंवा 36 टक्केच दिसतो.

आता बजेटचा मुद्दा. खाली दाबामुळे नायट्रोजन अंगात विरघळतो, तो हळूहळू निघतो, आणि त्याआधी विमानातल्या कमी दाबात गेलं तर त्याचे अंगात बुडबुडे होऊ शकतात, म्हणून हॉटेलची एक रात्र वाचवायला सकाळी डायव्ह आणि संध्याकाळी मुंबईची फ्लाइट असं करू नका, बरेच डायव्ह झाले असतील तर निदान 18 तास मध्ये ठेवा. तो दिवस बीचवर काढा, फुकट आहे.