खोटं पकडणारं यंत्र नेमकं काय पकडतं?

खोटं बोलताना माणसाच्या शरीरात असं काहीही घडत नाही, जे खरं बोलताना कधीच घडत नाही. पॉलिग्राफ या खोटं पकडणाऱ्या यंत्राभोवतीचे गेल्या शंभर वर्षांतले जवळजवळ सगळे वाद या एका गोष्टीतून निघाले आहेत. घाम, नाडी, श्वास आणि रक्तदाब भीतीने बदलतात, संतापाने बदलतात, शरमेने बदलतात आणि आपल्यावर खुनाचा आळ आलाय एवढं कळलं तरीही बदलतात. बदल किती झाला हे यंत्र नीट टिपतं. तो कशामुळे झाला हे मात्र समोर बसलेला परीक्षक ठरवतो, आणि चूक शिरते ती तिथे.

यंत्राचे भाग मोजकेच असतात. छातीभोवती आणि पोटाभोवती एकेक लवचिक नळी बांधतात, ती श्वासाची लय आणि खोली टिपते. दंडावर रक्तदाबाचा पट्टा असतो, एका हाताच्या दोन बोटांना विद्युतअग्र (इलेक्ट्रोड) लावतात आणि खुर्चीवर हालचाल ओळखणारी गादी टाकतात. यांत सगळ्यात भरवशाची नोंद बोटांची. तळहात आणि बोटांवरच्या घर्मग्रंथींना अनुकंपी चेतासंस्थेकडून संदेश आला की घाम ग्रंथींच्या नलिकांत चढतो आणि त्वचेतून वीज अधिक सहज वाहू लागते. प्रश्न विचारल्यावर हा बदल दिसायला साधारण १ ते ३ सेकंद लागतात, ओसरायला त्याहून बराच जास्त वेळ. म्हणून दोन प्रश्नांत २५ ते ३० सेकंदांचं अंतर ठेवावं लागतं. घाई केली तर आधीच्या प्रश्नाचा घाम पुढच्या प्रश्नाच्या खात्यावर जमा होतो.

सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत प्रश्न अचानक विचारत नाहीत. आधी तासभर किंवा त्याहून अधिक बोलणं होतं आणि प्रत्येक प्रश्न शब्दशः वाचून दाखवला जातो. काही प्रश्न थेट गुन्ह्याचे असतात: ‘त्या रात्री तुम्ही त्याच्यावर वार केलात का?’ काही तुलनेसाठी असतात: ‘पंचविशीच्या आधी, तुमच्यावर विश्वास असणाऱ्या कोणाशी तुम्ही कधी खोटं बोललात का?’ या दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर जवळपास प्रत्येकाचं ‘हो’ असतं, पण परीक्षक बोलण्याचा रोखच असा ठेवतो की समोरचा ‘नाही’ म्हणतो आणि मनात अस्वस्थ होतो. गृहीतक असं, की निर्दोष माणूस तुलनेच्या प्रश्नाला जास्त दचकेल आणि गुन्हेगार थेट प्रश्नाला. सगळी प्रश्नमाला सहसा तीन वेळा फिरवतात. थेट आणि तुलनेच्या प्रश्नांच्या प्रत्येक जोडीला −३ ते +३ गुण देतात: तुलनेच्या प्रश्नाची प्रतिक्रिया मोठी असेल तर अधिक, थेट प्रश्नाची मोठी असेल तर उणे. एका प्रचलित पद्धतीत बेरीज +६ किंवा वर गेली तर ‘सच्चा’, −६ किंवा खाली गेली तर ‘खोटा’ आणि मधलं सगळं ‘अनिर्णित’.

गृहीतकातली खोट उघड आहे. दोन्ही प्रश्नांपैकी कोणता आपल्याला तुरुंगात धाडू शकतो, हे निर्दोष माणसालाही पुरतं ठाऊक असतं. तो त्याच प्रश्नाला घाबरतो आणि त्याचे गुण उणे बाजूला जातात. उलट, तयारीचा माणूस तुलनेच्या प्रश्नाच्या वेळी जीभ चावून किंवा मनात सात-सातने उलटी मोजणी करून तिथली प्रतिक्रिया मुद्दाम फुगवू शकतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अर्ध्या तासाहून कमी शिकवणीवर सुमारे निम्म्या ‘गुन्हेगारांनी’ चाचणीला चकवलं होतं.

प्रत्यक्षातलं उदाहरण याहून भयंकर आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्त्रियांच्या मालिकाहत्यांचा संशयित गॅरी रिजवे १९८४ मध्ये पॉलिग्राफ चाचणी उत्तीर्ण झाला. १९८७ मध्ये पोलिसांनी त्याच्या लाळेचा नमुना घेऊन ठेवला. डीएनए तंत्र पुरेसं प्रगत झाल्यावर २००१ मध्ये तो नमुना मृतांच्या शरीरावर सापडलेल्या अंशांशी जुळला आणि २००३ मध्ये त्याने ४८ खुनांची कबुली दिली. एकाच शरीराने दोन वेळा साक्ष दिली. घामाची साक्ष खोटी ठरली आणि लाळेची टिकली.

चाचणीची अचूकता टक्क्यांत सांगणं हीसुद्धा दिशाभूल ठरते, कारण तपासल्या जाणाऱ्यांत खरोखर दोषी किती आहेत यावर सगळं अवलंबून असतं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ च्या अहवालात एक हिशोब मांडला. १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर आहेत आणि चाचणी बऱ्यापैकी चांगली आहे असं धरू. दहांतले आठ हेर सापडावेत इतकी ती कडक केली, तर १,६०६ जण नापास होतात. त्यांतले १,५९८ निर्दोष असतात. निर्दोषांना वाचवण्यासाठी कसोटी सैल केली तर नाहक अडकणारे ४० च्या आसपास उरतात, पण आठ हेर निसटतात. यंत्र सुधारून ही अडचण थोडी कमी होते, संपत नाही. ज्याच्याविरुद्ध दुसरा काहीच पुरावा नाही, अशा माणसाला केवळ नापास झाला म्हणून संशयित ठरवणं हा याच हिशोबामुळे अन्याय आहे.

मग शरीराला विचारण्यासारखं काहीच उरत नाही का? एक प्रश्न उरतो: हे तुमच्या ओळखीचं आहे का? डेव्हिड लिकेन या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये यावर आधारलेली चाचणी मांडली आणि जपानचे पोलीस आज ती नियमित वापरतात. समजा, घरफोडीत दागिने पितळी डब्यातून गेले. संशयिताला एकामागून एक पर्याय ऐकवतात: दागिने लाकडी पेटीत होते का? कापडी थैलीत? काचेच्या बरणीत? पितळी डब्यात? पुठ्ठ्याच्या खोक्यात? तो प्रत्येकाला ‘नाही’ म्हणाला तरी चालतं, गप्प बसला तरी चालतं. निर्दोषाला पाचही पर्याय सारखेच असतात. चोराच्या मेंदूत मात्र एकच शब्द आठवणीला जाऊन भिडतो आणि घर्मग्रंथी त्याची नोंद देतात. यादीतला पहिला शब्द ऐकताना कोणाचीही प्रतिक्रिया मोठी येते, म्हणून सुरुवातीला एक जादा पर्याय ठेवतात आणि तो मोजत नाहीत.

या पद्धतीचं बळ असं की चुकीची शक्यता आधीच मोजता येते. पाच पर्यायांचे सहा प्रश्न असतील, तर काहीच ठाऊक नसलेल्या माणसाची सर्वांत मोठी प्रतिक्रिया सहाही वेळा योग्य पर्यायावर पडण्याची शक्यता १५,६२५ मध्ये १. किमान चार वेळा पडण्याची शक्यताही २ टक्क्यांहून कमी. तुलनेच्या प्रश्नांच्या पद्धतीत असा हिशोब मांडायला जागाच नाही.

पण ही चाचणी खोलीत खुर्ची मांडण्याच्या कितीतरी आधी बिघडू शकते. पितळी डब्याची बातमी छापून आली असेल किंवा पहिल्याच चौकशीत एखादा अधिकारी ‘डबा कुठे टाकलास?’ असं बोलून गेला असेल, तर निर्दोष माणूसही ‘जाणकार’ होतो आणि त्याचं शरीर तेच सांगतं. म्हणून कोणते तपशील कोणाला कळले आहेत याची यादी तपासाच्या पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते. चाचणीआधी संशयिताला घटनेबद्दल काय काय ठाऊक आहे हे विचारून ते प्रश्न गाळावे लागतात. तपासाशी संबंध नसलेल्या काही लोकांना प्रश्न देऊन पाहायचे. ते पाचांत एकापेक्षा बरेच अधिक वेळा बरोबर पर्याय निवडत असतील, तर तो प्रश्न टाकून द्यायचा. योग्य उत्तर प्रश्न विचारणाऱ्यालाही माहीत नसावं, नाहीतर त्याच्या आवाजातला चढ शरीर ऐकतं.

दुसऱ्या बाजूची चूकही गंभीर आहे. भीतीच्या क्षणी लक्ष आकुंचित होतं. चोराने भिंतीचा रंग पाहिलेलाच नसतो, त्यामुळे तो विचारून उपयोग नाही. त्याने स्वतः हाताळलेल्या, फोडलेल्या, उचललेल्या वस्तूंवरच प्रश्न हवेत. शिवाय ओळख म्हणजे गुन्हा नव्हे. साक्षीदारालाही डबा ओळखीचा असतो आणि तिथे कामाला येणाऱ्यालाही.

मेंदूलेखावर (ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या नोंदीवर) आधारलेली चाचणी याच तत्त्वावर चालते, फक्त घामाऐवजी थेट मेंदूची लहर पाहते. अनोळखी शब्दांच्या रांगेत मधूनच अर्थपूर्ण शब्द आला की ३०० मिलिसेकंदांनंतर डोक्याच्या मागच्या-वरच्या भागात एक धन लहर उमटते. तिला पी-३०० म्हणतात, आणि ती १९६५ पासून ज्ञात आहे. ती जेमतेम काही मायक्रोव्होल्टची असते, पापणी लवली तरी त्याच्या अनेक पट मोठा झटका नोंदला जातो. त्यामुळे प्रत्येक शब्द पुन्हा पुन्हा दाखवून सरासरी काढावी लागते. ‘मेंदू खोटं बोलत नाही’ हा दावा इथेही टिकत नाही. निरर्थक शब्दांनाही मनातल्या मनात ठरावीक प्रतिसाद देत गेलं की तेही अर्थपूर्ण होतात आणि फरक पुसला जातो.

नार्को चाचणीबद्दल थोडक्यात सांगणं पुरे. थायोपेंटालसारखं बार्बिट्युरेट, म्हणजे गुंगी आणणारं औषध, शिरेतून हळूहळू देतात. ते मेंदूतला आवर सैल करतं, त्यामुळे माणूस जास्त बोलतो. पण त्याच गुंगीत तो सुचवलेलं स्वीकारतो, कल्पना आणि आठवण यांची सरमिसळ करतो, आणि मात्रा वाढली तर श्वास मंदावतो. जास्त बोलणं म्हणजे जास्त खरं बोलणं, याला औषधशास्त्रात आधार नाही.

न्यायालयांसमोरचा खरा पेच वेगळा आहे: शरीरातून निघालेली नोंद ही वस्तू मानायची की जबानी? १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीने घेतलेला रक्ताचा नमुना जबानी नाही असं ठरवलं, पण त्याच निकालपत्रात लाय डिटेक्टरची नोंद जबानीच्या जवळ जाऊ शकते असंही नोंदवलं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ खटल्यात ही रेषा स्पष्ट केली. बोटांचे ठसे आणि डीएनए माणसाच्या मनातलं काही सांगत नाहीत. पॉलिग्राफ, मेंदूचाचणी आणि नार्को मात्र त्याच्या आठवणीत काय आहे ते बाहेर काढू पाहतात. म्हणून स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ शकत नाही हे घटनेच्या कलम २०(३) मधलं संरक्षण त्यांनाही लागू होतं. जीवशास्त्राच्या नजरेने पाहिलं तरी ही विभागणी योग्य आहे. घामाची नोंद आठवणीशिवाय निरर्थक असते, ठशाला आठवण लागत नाही.

संमतीने झालेल्या चाचणीचा निष्कर्षही त्या निकालानुसार स्वतः पुरावा ठरत नाही, कारण उमटणाऱ्या प्रतिक्रियांवर माणसाचा जाणीवपूर्वक ताबा नसतो. तिच्या मदतीने पुढे एखादी वस्तू सापडली, तर ती पुराव्याच्या कायद्याप्रमाणे मांडता येते. संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावी लागते, संशयिताला वकील मिळाला पाहिजे आणि चाचणीचे शारीरिक, मानसिक व कायदेशीर परिणाम त्याला आधी समजावून सांगितले पाहिजेत. प्रत्यक्ष नोंदणी पोलिसांनी न करता रुग्णालयासारख्या स्वतंत्र संस्थेने, वकिलाच्या उपस्थितीत करायची असते.