सरकारी कामाचं बिल अडलंय? कोर्टाआधीचे मार्ग

काम सिडकोचं असो, एमआयडीसीचं असो की ठाणे-नवी मुंबईतल्या महापालिकांचं, वाद साधारण तेच असतात: जादा कामाचे पैसे, मुदतवाढ नाकारून लावलेला दंड, अडकलेली सुरक्षा ठेव. ठेकेदार आमच्याकडे सल्ल्याला येतात ते बहुतेक वेळा उशिरा. 'पुढच्या महिन्यात बघू' या शब्दावर ते थांबलेले असतात. पैशाच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते आणि तोंडी आश्वासनाने ती थांबत नाही. म्हणून प्रत्येक मागणी लेखी द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. मुदत संपण्याआधी खात्याने देणं लेखी मान्य केलं, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते.

अंतिम बिलासोबत 'माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही' अशा कागदावर सही मागतात. मागणी शिल्लक असेल, तर हक्क राखून सही करत असल्याचं त्याच दिवशी पत्राने कळवा.

आधी निविदेतली वादाची अट वाचा

त्यात 'लवाद' (कोर्टाबाहेर वादाचा निर्णय देणारा त्रयस्थ) आहे, की फक्त 'अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम राहील' एवढंच आहे? दुसऱ्या प्रकारची अट म्हणजे लवादाचा करार असेलच असं नाही; न्यायालय तिचे नेमके शब्द पाहतं. तरीही तिथली पायरी गाळू नका, अपिलाची मुदत चुकवू नका.

रेल्वेसारख्या केंद्राच्या कामांसाठी अर्थ मंत्रालयाने ३ जून २०२४ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. १० कोटींपेक्षा मोठ्या वादांसाठी लवादाची अट सरसकट घालू नये आणि मध्यस्थीला उत्तेजन द्यावं, असा त्यांचा रोख आहे.

लवाद

खात्याचाच अधिकारी लवाद म्हणून बसणं लवाद व समेट कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने बंद झालं. सार्वजनिक उपक्रमाने आपल्याच यादीतून लवाद निवडण्याची सक्ती करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं. दोन्ही बाजूंचे दावे-जबाब पूर्ण झाल्यापासून १२ महिन्यांत निवाडा, म्हणजे लवादाचा निर्णय, व्हावा. संमतीने आणखी सहा महिने मिळतात. पण लवादाच्या फीचा विचार करा. आठ-दहा लाखांच्या वादासाठी आम्ही हा मार्ग सहसा सुचवत नाही.

मध्यस्थी आणि समेट

तीन लाख किंवा जास्त रकमेच्या व्यापारी दाव्यात तातडीचा आदेश नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी बंधनकारक आहे. ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत होते. मुदत तीन महिने, संमतीने आणखी दोन. हा काळ दाव्याच्या मुदतीत धरला जात नाही.

इथे समोरच्या अधिकाऱ्याची अडचण समजून घ्यायला हवी. तुमचं म्हणणं त्याला पटलेलं असतं, तरी सही होत नाही. उद्या लेखापरीक्षणात 'ठेकेदाराला जादा पैसे का दिले?' अशी हरकत निघाली, तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं. म्हणून नुसती रक्कम मागून भागत नाही; त्याला वरच्या साहेबांपुढे ठेवता येईल अशी टिपणी आपणच तयार करावी लागते. जादा कामाची तोंडी सूचना कोणी, कधी दिली. मोजमाप पुस्तिकेच्या कोणत्या पानावर नोंद आहे. दरसूचीतला दर किती. वाद पाच वर्षं चालला तर व्याजासह देणं किती होईल. मागणीतून काय सोडायला तयार आहात, तेही स्पष्ट लिहा. आमचा सगळ्यात जास्त वेळ या टिपणीवर जातो, आणि तो जायलाच हवा. लवाद व समेट कायद्याखाली समेटाची बोलणी झाली, तर तिथे मांडलेला प्रस्ताव पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. तडजोड झालीच, तर त्या कराराला निवाड्याइतकंच बळ असतं.

माल पुरवणाऱ्यांसाठी

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या पलीकडे थकलं, की रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज दर महिन्याला चक्रवाढीने लागतं. तक्रार सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी परिषदेकडे, करता येते. परिषदेच्या निवाड्याला आव्हान देताना खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. नोंदणी मात्र पुरवठ्याआधीची असू द्या. बांधकामाच्या ठेक्यांना हे लागू होतं का, याबद्दल न्यायालयांत एकमत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल ठेकेदारांच्या विरोधात गेले आहेत.

पहिल्या भेटीला कार्यारंभ आदेश, अटींसह पूर्ण निविदा, रनिंग बिलं, मोजमापाच्या नकला आणि पोच असलेली सगळी पत्रं आणा. पत्रं तारखेप्रमाणे लावलेली असली, तर मुदत किती उरली आहे ते तिथेच सांगता येतं.