एक पूर्वज, तीन नोंदी: कोल्हापूरकडच्या वंशावळींची पार्श्वभूमी

2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यापुरता असलेला हा शोध पुढे राज्यभर गेला आणि कोल्हापूरकडेही माळ्यावरच्या ट्रंका उघडल्या. कागद सापडले, तसा घोळही वाढला. घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्या हेळव्याच्या चोपडीत मूळ पुरुष एक, सारावसुलीच्या कागदावर दुसरा, जन्म-मृत्यूच्या कोतवाल बुकात तिसराच. अशा वेळी खरी नोंद कोणती यावरून भावकीत वाद पेटतो. माझ्या मते आधी विचारायला हवे ते हे, की ती लिहिली कोणी आणि कशासाठी.

हेळवी सुगीनंतर गावोगाव फिरतात. पूर्वी बैलावर बसून यायचे, दारात वंशावळ म्हणायचे आणि धान्य घेऊन पुढच्या घरी जायचे. मूळ गाव, कुलदैवत, बापामागून लेक असा त्यांचा क्रम. पुरुषांच्या पिढ्या त्यांच्याइतक्या लांबवर दुसरा कोणी सांगत नाही. लेकी-सुना मात्र तिथे जवळपास नसतातच. कोल्हापूर संस्थानच्या दफ्तराला सारा आणि वतन यांच्याशी मतलब. तिथे पुष्कळदा आडनावही नसते, नुसते ‘राणोजी बिन बाळोजी’, म्हणजे बाळोजीचा मुलगा राणोजी. बाई सापडलीच तर ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको म्हणून, नवऱ्याच्या नावामागे. कोतवाल बुकात तर अनेकदा बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच.

त्यात आज्याचे नाव नातवाला ठेवायची रीत. राणोजी बिन बाळोजीचा मुलगा बाळोजी, त्याचा मुलगा पुन्हा राणोजी बिन बाळोजी. दोन पिढ्यांनी अख्खे नाव जसेच्या तसे परत येते आणि आजा-नातू एकच होऊन बसतात. मग सगळी भिस्त सालावर.

पण सालही सरळ नसते. 1790-91 हे एकच वर्ष जुन्या कालगणनांत शके 1712, फसली 1200 आणि सुहूर 1191. फसली आणि सुहूर दोन्ही मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला, बदलतात, त्यामुळे नुसते ‘सन’ वाचून गल्लत झाली की नऊ वर्षांचा फरक पडतो आणि मेलेला माणूस सारा भरताना दिसतो. सुहूर सन पुष्कळदा आकड्यांत नसतो, अरबी शब्दांत असतो: ‘इहिदे तिसैन मया व अलफ’, म्हणजे एक, नव्वद, शंभर आणि हजार. हे सारे मोडी लिपीत. आधी आडवी रेघ ओढायची आणि बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली लिहीत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांत अंतर नाही. म्हणून नुसत्या लिप्यंतरावर विसंबू नये, मूळ कागदाचा फोटो जवळ असावाच.

कागद कुठे शोधायचा हाही प्रश्नच. कागल, इचलकरंजी, विशाळगड, बावडा अशा जहागिरींचे कारभार वेगळे होते. गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या ताब्यात असे; 1918 मध्ये शाहू महाराजांनी कुलकर्णी वतन काढून तलाठी नेमले. 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. गाव तेव्हा कोणाच्या अमलात होते हे ठरवल्याशिवाय पुराभिलेखागारात गेले, तर हेलपाटाच होतो.

दत्तकाचा मुद्दा तर हमखास सुटतो. खुद्द शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव; 17 मार्च 1884 रोजी ते करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजघराण्यातले दत्तकविधान सर्वांना ठाऊक असते, शेतकऱ्याच्या घरातले मात्र दोन पिढ्यांत विस्मरणात जाते. एकाच माणसाला दोन बाप दिसले, तर नोंद खोटी ठरवण्याआधी दत्तकपत्र शोधावे आणि दोन्ही घरांच्या हेळव्यांना विचारावे.