मास्क ऐच्छिक, मग कागद कुठे लागतो? (जून २०२२ च्या मध्यापर्यंतची माहिती)

जून २०२२ उजाडला आणि पुन्हा तोच प्रश्न सुरू झाला: मास्क घालायचा की नाही? गोंधळाला कारणही घडलं. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाचे अपर मुख्य सचिव डॉ. प्रदीप व्यास यांनी जिल्ह्यांना पाठवलेल्या पत्रात रेल्वे, बस, सिनेमागृह, कार्यालय, शाळा अशा बंदिस्त जागी मास्क लावण्यासाठी इंग्रजीतला ‘मस्ट’ हा शब्द वापरला होता. त्यावरून मास्कसक्तीच्या बातम्या झाल्या आणि ‘मस्ट’ म्हणजे सक्ती नव्हे, आवाहन आहे, असा खुलासा आरोग्यमंत्री राजेश टोपे यांना करावा लागला. सरकारी पत्र मराठीत नीट लिहिलं असतं तर एवढा खटाटोप वाचला असता.

तर तेव्हाचा नियम असा होता. ३१ मार्चच्या मंत्रिमंडळ बैठकीत ठरल्याप्रमाणे २ एप्रिलपासून, म्हणजे गुढीपाडव्यापासून, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ आणि साथरोग कायदा १८९७ यांखालचे राज्यातले कोरोना निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. मास्क न घालण्यासाठी अर्ज करायचा नव्हता, डॉक्टरांचा दाखला आणायचा नव्हता, कुठे नोंदणीही करायची नव्हती. दम्याच्या रुग्णाला सूट मिळते का, असं तरीही विचारलं जायचं. पण सक्तीच उरली नव्हती, तर सूट कशातून मागायची? दोन डोसचं प्रमाणपत्र किंवा युनिव्हर्सल पास (लसीकरण पूर्ण झालेल्यांना मिळणारा राज्याचा पास) लोकलच्या तिकीट खिडकीवर किंवा मॉलच्या दारात दाखवण्याची अटही त्याच दिवशी गेली. मोबाइलमधलं प्रमाणपत्र मात्र पुसून चालणार नव्हतं. परदेशी जायचं झालं तर त्या त्या देशाच्या नियमानुसार ते लागू शकत होतं.

दंडाचंही तसंच. २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशात विनामास्क व्यक्तीला ५०० रुपये आणि नियम मोडणाऱ्या आस्थापनेला १० हजार रुपये दंड होता. तोंडाला बांधलेला रुमाल मास्क धरला जाणार नाही, असंही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मुंबईत महापालिका २०० रुपयांची पावती फाडायची, तेही एप्रिलपासून बंद झालं. आता कुणी रस्त्यात अडवून पैसे मागितले तर आदेशाची प्रत मागा. आधी भरलेला दंड परत देण्याची तरतूद मात्र या निर्णयात नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी मास्क लावा म्हटलं तर वाद घालू नका. समोर तपासणीला बसलेल्या आजींचा विचार करा.

विमानाला मात्र हे तेव्हा लागू नव्हतं. तिथे राज्याचा नव्हे, केंद्राचा नियम चालतो. दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ८ जूनला परिपत्रक काढलं. वारंवार सांगूनही मास्क न लावणाऱ्या प्रवाशाला उड्डाणापूर्वी खाली उतरवता येत होतं आणि बेशिस्त प्रवासी ठरवता येत होतं. मास्क काढायला मुभा फक्त अपवादात्मक परिस्थितीत होती.

अर्जाची खरी गरज होती ती कोरोनाने माणूस गमावलेल्या घरांना, आणि मास्कच्या गडबडीत हेच मागे पडत होतं. निर्बंध उठले म्हणजे मृताच्या कुटुंबाला मिळणारं ५० हजार रुपयांचं सानुग्रह साहाय्यही (सरकारी मदत) बंद झालं, असा समज अनेकांचा झाला होता. तो चुकीचा होता.

पात्रता अशी होती: चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून किंवा कोरोनाचं निदान झाल्यापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू, मग तो रुग्णालयात झालेला असो वा घरी. रुग्ण दाखल असतानाच ३० दिवसांनंतर दगावला तरी चालायचं. त्या मुदतीत आत्महत्या केलेल्या बाधितांची कुटुंबंही पात्र होती. मृत्यू दाखल्यावर कारण म्हणून कोरोना लिहिलेला नाही, एवढ्यावरून अर्ज नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ लाच सांगितलंय.

अर्ज राज्य सरकारच्या ‘महाकोविड१९रिलीफ’ या संकेतस्थळावर भरायचा होता. स्वतः जमत नसेल तर सेतू केंद्रातून किंवा ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार केंद्रातून भरून घेता यायचा. अर्जदाराचं आधार आणि बँक खात्याचा तपशील (आणि जवळ रद्द केलेला धनादेश), मृताचं आधार, मृत्यू दाखला, आणि चाचणीचा अहवाल किंवा उपचाराची कागदपत्रं लागत. वारस एकाहून जास्त असतील तर बाकीच्यांचं ना-हरकत पत्र आधीच घ्यायचं होतं. अर्ज अडायचा तो बहुतेकदा इथेच, भावाभावांत. पैसे थेट खात्यात येत. अर्ज नाकारला गेला तर जिल्ह्याच्या किंवा महापालिकेच्या तक्रार निवारण समितीकडे जाता यायचं. खोटा दावा केला तर आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता मुदत. २० मार्च २०२२ पूर्वीच्या मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्चपासून ६० दिवस दिले होते. ते मे महिन्यातच संपले. तरीही खरोखर अडचणीमुळे अर्ज राहिला असेल तर कारण लिहून तक्रार निवारण समितीकडे जाता येत होतं, प्रत्येक प्रकरण तपासून निर्णय घेण्याचा अधिकार तिला होता. २० मार्चनंतरच्या मृत्यूंसाठी मृत्यूच्या तारखेपासून ९० दिवस मिळत. म्हणजे २५ मार्च २०२२ ला घरातलं माणूस गेलं असेल, तर शेवटची तारीख २३ जून होती.