आधी फाइल सिस्टीम, मग पार्टिशन

लिनक्सवर पार्टिशन लहान-मोठं करताना डेटा जातो तो बहुतेकदा एका गैरसमजापायी. पार्टिशन आणि फाइल सिस्टीम एकच, असं धरून आपण चालतो. खरं तर पार्टिशन ही डिस्कवरच्या तक्त्यातली नुसती नोंद आहे: अमुक सेक्टरपासून तमुक सेक्टरपर्यंत. फायली कुठे आहेत, मोकळी जागा किती, हा हिशेब त्या हद्दीच्या आत फाइल सिस्टीम ठेवते आणि स्वतःचा आकार सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे आपल्याच माहितीच्या नोंदीत, लिहून ठेवते. तक्त्यातली हद्द हलवली तरी तिला त्याचा पत्ता नसतो.

म्हणून वाढवताना आधी पार्टिशन, मग फाइल सिस्टीम. कमी करताना नेमकं उलट.

सुरुवात ‘एलएसबीएलके -एफ’ या कमांडने करा, कुठल्या पार्टिशनवर कोणती फाइल सिस्टीम आहे ते दिसतं. एक्सटी४ माउंट (म्हणजे जोडलेली, वापरात) असतानाही वाढते, पण कमी करायला अनमाउंट करावीच लागते. तीच रूट, म्हणजे खुद्द लिनक्स जिच्यावर आहे ती, असेल तर मशीन लाइव्ह पेनड्राइव्हवरून (त्याच्यावरूनच लिनक्स चालतं) सुरू करा. बीटीआरएफएस चालू स्थितीत दोन्ही करू देते. एक्सएफएस असेल तर कमी करायचा नाद सोडा. बॅकअप घेऊन ती नव्याने बनवणंच बरं. बॅकअप तर कुठल्याही बदलाआधी हवाच. शिवाय ‘एसएफडिस्क -डी’ने तक्त्याची प्रत काढून दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. मोजक्या ओळींची मजकूर फाइल असते, पण वेळेला तीच तारते.

समजा १०० जीआयबीचं (१०२४च्या पटीत मोजलेले गिगाबाइट) एक्सटी४ पार्टिशन ६० वर आणायचंय. आधी ‘ई२एफएससीके -एफ’ने तपासणी; ती झाल्याशिवाय आकार बदलणारी ‘रिसाइझ२एफएस’ ही कमांड पुढे जात नाही. मग फाइल सिस्टीम ६० नव्हे, ५८ जीआयबीवर आणा. त्यानंतर ‘पार्टेड’ या पार्टिशनच्या साधनात पार्टिशन ६० करा आणि शेवटी ‘रिसाइझ२एफएस’ आकडा न देता पुन्हा चालवा. उरलेले २ जीआयबी ती आपोआप व्यापते.

इथे दोन खड्डे आहेत. ‘रिसाइझ२एफएस’मध्ये आकड्यापुढचं ‘जी’ म्हणजे जीआयबी, १०२४च्या पटीतला. ‘पार्टेड’मध्ये जीबी लिहिलं तर ते १०००च्या पटीत मोजलं जातं. ६० जीबी म्हणजे जेमतेम ५५.८८ जीआयबी, म्हणजे ५८ची फाइल सिस्टीम शेपटाकडून दोन जीआयबीहून जास्त कापली गेली! दुसरं, ‘पार्टेड’चा ‘रिसाइझपार्ट’ आकार विचारत नाही, शेवट कुठे ते विचारतो. पार्टिशन ५१ जीआयबीपाशी सुरू होत असेल तर ६० नव्हे, १११जीआयबी लिहायचं. या दोन्ही कटकटी नको असतील तर जीपार्टेड हे खिडक्या-बटणांचं साधन वापरा. क्रम आणि एककं ते स्वतः सांभाळतं.

वाढवायला मोकळी जागा पार्टिशनला लागून, त्याच्या पुढे हवी. ती मागे असेल तर सुरुवात सरकवावी लागते, म्हणजे आतला डेटा उचलून नव्या जागी लिहावा लागतो. त्याला तासन्‌तास लागू शकतात, आणि मधेच वीज गेली तर अर्धा डेटा इकडे, अर्धा तिकडे. लॅपटॉप चार्जरला लावूनच ठेवा.

मधे स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) आडवा आला तर काम सोपं: ‘स्वॅपऑफ’, पार्टिशन पुसा, डिस्कच्या शेवटी नवं बनवा. मात्र नव्या स्वॅपचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, वेगळा असतो. बूट होताना काय जोडायचं त्याची यादी असलेल्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये तो बदलला नाही तर बूट होताना मशीन जुन्याची वाट पाहत दीड मिनिट अडून राहू शकतं.

क्रम चुकलाच तर ‘ई२एफएससीके’ सांगतं की सुपरब्लॉकमधला आकार डिव्हाइसपेक्षा मोठा आहे, आणि थांबू का म्हणून विचारतं. हो म्हणा. दुरुस्ती करायला लावू नका, मोकळ्या झालेल्या जागेत काही लिहू नका. जपून ठेवलेली तक्त्याची फाइल ‘एसएफडिस्क’ला परत द्या. हद्द पूर्वीच्या जागी आली की फाइल सिस्टीमला आपलं शेपूट सापडतं. मग तपासणीपासून पुन्हा सुरू करा.