इंजिन बंद पडलं की मागे वळायचं? थांबा जरा
टेकऑफनंतर छोट्या विमानाचं इंजिन गेलं तर सरळ मागे वळून त्याच रनवेवर उतरायचं, १८० डिग्रीच तर वळायचंय, असं बरेच जण अजूनही सांगतात. अहो पण १८० वळून तुम्ही रनवेच्या बाजूला येता, रनवेवर नाही, लाइनीत यायला अजून वळावं लागतं आणि हे सगळं उंची गमावत. त्यात घाईत ४५ डिग्री बँक मारून (म्हणजे विमान एका बाजूला तेवढं झुकवून) उंची धरून ठेवायला नाक वर ओढलं की स्टॉल स्पीड (ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत तो वेग) जवळपास १९ टक्के वाढतो, मग स्टॉल, स्पिन (गरगरत खाली कोसळणं), आणि तेवढ्या खालून सावरायला जागाच नसते. आधी नाक खाली, ग्लाइड स्पीड (इंजिनाशिवाय तरंगत जायचा वेग) पकडा, समोर थोडं डावी-उजवीकडे जे मोकळं दिसेल तिथे उतरा, विमान मोडलं तर मोडू दे. उंची पुरेशी असेल तर वळता येतं, पण किती ते टेकऑफच्या आधीच ठरलेलं हवं.