काचपट्टीवर झिंक ऑक्साइडच्या नॅनोवायर : संच वापरण्याआधी

काचपट्टीवर झिंक ऑक्साइडच्या नॅनोवायर, म्हणजे अतिसूक्ष्म तारा, वाढवण्याचा हा संच कोकणातल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधला आहे. ९०० अंशांची ट्यूब भट्टी लागत नाही. साधा ओव्हन आणि मफल फर्नेस (बंद पेटीची छोटी भट्टी) पुरते.

आधी बीजथर, म्हणजे ज्यावरून तारा वाढतात तो झिंक ऑक्साइडचा पातळ थर. धुतलेल्या पट्टीवर हलका श्वास सोडा. वाफ सगळीकडे सारखी धरली तर काच स्वच्छ. चट्टे दिसले तर पुन्हा धुवा. १०० मिली इथेनॉलमध्ये ०.११ ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट विरघळवा. पट्टीवर थेंब पसरा, १० सेकंदांनी इथेनॉलने धुऊन वाळवा. असे चार वेळा करून ३५० अंशांवर २० मिनिटे तापवा. जिथे बीज नाही तिथे पुढे टक्कल राहते.

वाढीसाठी १०० मिली डीआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्यात ०.७४ ग्रॅम झिंक नायट्रेट हेक्झाहायड्रेट आणि ०.३५ ग्रॅम हेक्झामाइन घ्या. विहिरीचे पाणी गाळून घेतले तरी चालणार नाही, क्षार त्यात राहतातच. पट्टी बीजाची बाजू खाली करून टांगा, बाटलीचे झाकण लावा, ९० अंशांवर ३ तास ठेवा. हेक्झामाइन फुटून अमोनिया सावकाश सुटतो, म्हणून वाढ संथ आणि सरळ होते. द्रावणातही पांढरा गाळ धरतोच. पट्टी उताणी ठेवली तर तो तारांवर बसतो. फॉर्माल्डिहाइडही सुटते, तेव्हा बाटली थंड झाल्यावर फ्यूम हूडमध्येच उघडा. मध्येच वीज जाऊन द्रावण निवले, तर तेच पुन्हा तापवू नका, ताजे करा.

आपल्याकडचा खरा शत्रू पावसाळा. झिंक नायट्रेटला मिठासारखे पाणी सुटते. मग तराजू ०.७४ दाखवतो, पण त्यात जस्त कमी असते. त्याची बाटली सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात), इथेनॉलपासून लांब ठेवा. जेलचे निळे मणी गुलाबी झाले की १२० अंशांवर वाळवा.

आता प्रकाश. तयार पट्टी सारखी दुधाळ दिसते. अंधारात ३६५ नॅनोमीटरच्या एलईडीखाली बहुधा पिवळसर-नारिंगी चमकते. अतिनील किरण अडवणारा चष्मा घातल्याशिवाय बघू नका. झिंक ऑक्साइडचे पट्टअंतर (बांधलेला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) ३.३७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणून त्याचे स्वतःचे उत्सर्जन ३८० नॅनोमीटरच्या आसपास येते. ते मोजायला हा एलईडी उपयोगाचा नाही, त्याच्याच प्रकाशाची शेपटी तिथे पोचते. ३२५ नॅनोमीटरचा हेलियम-कॅडमियम लेसर, क्वार्ट्झची भिंगे आणि लेसर अडवणारा फिल्टर लागतो. वर्णपटात ६५० नॅनोमीटरवर बारीक टोकदार शिखर दिसले तर ते नमुन्याचे नव्हे. ग्रेटिंगने (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या रेघांच्या पट्टीने) दाखवलेला लेसरचाच दुसरा क्रम आहे, म्हणजे ३२५ ची दुप्पट जागी पडलेली प्रतिमा. रिकाम्या पट्टीचा वर्णपट आधी घ्या, काचही थोडी चमकते.

४५० अंशांवर अर्धा तास हवेत तापवल्यास तारांत अडकलेले हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट) निघून जातात आणि ३८० चे शिखर सहसा वाढते. ५०० ते ५५० मधला हिरवा पट्टा स्फटिकातल्या दोषांमुळे येतो. तो नेमक्या कुठल्या दोषामुळे, यावर संशोधकांत एकमत नाही. प्रकल्प अहवालात ‘ऑक्सिजनची रिक्त जागा’ असे ठामपणे लिहू देऊ नका. ‘दोषजन्य उत्सर्जन’ लिहिणेच बरोबर.